भोकं जुळली म्हणून सेल्फ जुळत नाही

"होल मॅच झाले ना? मग लावा!" पेणच्या महामार्गालगतच्या गॅरेजांत आणि रोह्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की गाडीमालकाला शंका घ्यायलाही लाज वाटावी. जुन्या ॲम्बॅसडरचा, पद्मिनीचा किंवा जीपचा सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) जळतो. तसाच दुसरा मिळत नाही. मग कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून कुठला तरी येतो, दोन बोल्ट बसतात आणि इंजिन चालूही होतं. काही दिवसांनी करकर सुरू होते, नंतर सेल्फ नुसता भिरभिरतो आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलायची वेळ येते. तोपर्यंत दोष बॅटरीला देऊन झालेला असतो.

भोकं दोनच गोष्टी सांगतात. सेल्फ निखळून पडणार नाही, आणि त्याचा शाफ्ट फ्लायव्हीलच्या मध्यापासून ठरावीक अंतरावर राहील. ते अंतर समोरच्या दातांना मानवेल की नाही, हे भोकांना ठाऊक नसतं.

हिशेब करून पाहा. रिंगला, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्याला, १२० दात, पिनियनला, म्हणजे सेल्फच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाला, ९ आणि दाताचं माप, म्हणजे मॉड्यूल, २.५ धरू. दातांची बेरीज १२९, तिला २.५ ने गुणून निम्मं केलं की दोन मध्यांतलं अंतर येतं १६१.२५ मिलिमीटर. आता तेवढेच दात इंची पद्धतीचे, १० डायमेट्रल पिचचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला दहा दात असे, घेऊ. २५.४ ला १० ने भागलं की मॉड्यूल होतं २.५४ आणि अंतर होतं १६३.८३. अडीच मिलिमीटरहून जास्त फरक पडला, आणि दाताची अख्खी उंची साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर! दोन्ही पिनियन हातात घेतले तर एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर एकात ७.८५ आणि दुसऱ्यात ७.९८ मिलिमीटर भरेल. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर "सेम आहे" असं म्हणून तो खपवला जातो.

पिनियनचा एक दात वाढला, ९ चे १० झाले, तरी याच हिशेबाने अंतर सव्वा मिलिमीटरने वाढायला हवं. कारखान्यात पिनियनचे दात मुद्दाम थोडे वेगळे कापून यात सवलत घेतात, हे खरं. पण ती सवलत त्या जोडीपुरती असते, बाजारातल्या कुठल्याही पिनियनला लागू होत नाही.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या आहेत. ॲम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७ पासून उत्तरपाड्यात बनलेली. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. महिंद्राची जीप अमेरिकेच्या विलीजची, आणि पुढे तिच्यात आलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्युजोचं. ब्रिटिश आणि अमेरिकी गाड्यांत दात इंची मापात, युरोपातल्या गाड्यांत मॉड्यूलमध्ये. त्यात डिझेल महाग नव्हतं तेव्हा कितीतरी पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. आज बॉनेटखाली नेमकं काय आहे, ते आरसी बुकावरून सांगता येईलच असं नाही.

एकाच घराण्यातही फसगत होते, ती विलीजच्या जीपमध्ये पाहा. महायुद्धातल्या जीपच्या फ्लायव्हीलला ९७ दात होते, नंतरच्या ६ व्होल्टच्या नागरी जीपला १२४ आणि १२ व्होल्टच्या जीपला १२९. इंजिनाची जात तीच. शंका असेल त्याने सुट्या भागांच्या जुन्या याद्या पाहाव्यात, जीप हौसेने जपणारे लोक पहिल्यांदा हे दातच मोजतात. "जीपचा सेल्फ द्या" एवढं सांगून आणलेला सेल्फ जीपला बसेलच, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

दात नीट बसत नाहीत म्हटलं की पुढचा उपाय हमखास ठरलेला: "मागे वॉशर टाका." इथे मात्र माझा संयम संपतो. फ्लँजच्या मागे वॉशर टाकल्याने सेल्फ पुढे-मागे सरकतो, मध्यापासूनचं अंतर केसभरही बदलत नाही. वॉशरचा उपयोग खोलीसाठी आहे. विश्रांतीत असलेला पिनियन आणि रिंगची कड यांच्यात साधारण तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी आणि पुढे गेल्यावर तो रिंगच्या जवळजवळ पूर्ण रुंदीवर बसायला हवा. दात आवळून बसत असतील तर वॉशर काहीच करत नाही. आणि पिनियन ग्राइंडरवर घासून बसवणं हा तर गुन्हा आहे. दाताचा कडक केलेला थर त्यात निघून जातो.

दात आणि खोली यांच्यानंतर तिसरी तपासणी फिरण्याच्या दिशेची. सेल्फचं धड इंजिनाच्या बाजूला आहे की गिअरबॉक्सच्या, यावर पिनियनकडून पाहिल्यावर तो कुठल्या दिशेने फिरावा हे ठरतं. "उलटा फिरला तर बॅटरीच्या वायरी उलट्या जोडू" असं सांगणारे भेटतात. जुन्या सेल्फमध्ये चुंबकाच्या जागी फील्ड कॉइल असते. वायरी उलटवल्या की फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह उलटतो, आणि मोटर पूर्वीच्याच दिशेने फिरते. डायनॅमो आणि मीटर मात्र बिघडू शकतात.

चौथी तपासणी बेंडिक्सची, म्हणजे पिनियन पुढे-मागे नेणाऱ्या यंत्रणेची. जुन्या पेट्रोल गाड्यांत पिनियन आट्यांवरून स्वतःच्या जडत्वाने पुढे फेकला जातो आणि इंजिनाने पहिला ठोका दिला की परत येतो. डिझेलला हे चालत नाही. तिथे एखादा ठोका पडून इंजिन पुन्हा मंदावतं, म्हणून पिनियनला सॉलिनॉइडने आधी आत ढकलून धरावं लागतं. पेट्रोलचं कॉम्प्रेशन आठ-नऊपट, जुन्या डिझेलचं वीसपटीच्या आसपास. ताकदही तशीच लागते. आणि पिनियन वेळेवर सुटला नाही तर काय होतं? ९ आणि १२० दातांत तेरापटीहून जास्त गुणोत्तर आहे. इंजिन आयडलिंगला हजार फेऱ्यांवर आलं की आर्मेचर मिनिटाला तेरा हजारांवर फिरेल. तारा उसवून केसिंगला घासायला मग वेळ लागत नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी सेल्फ काढा, रिंगच्या एका दाताला खडूने खूण करा आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवत सेल्फ बसतो त्या भोकातून सगळे दात मोजा. दातांच्या संख्येत दोन मिळवा आणि त्या बेरजेने रिंगच्या बाहेरच्या व्यासाला भागा, ते मॉड्यूल. रिंगचे दात नव्या पिनियनशी जुळत नसतील तर बोल्टकडे पाहायचंही नाही. जुना सेल्फ सोबत न्या. श्रावणात पेणहून गणपती भरून निघालेली गाडी धक्का मारून चालू करणं काय असतं, ते पेणकरांना सांगायला नको.

रिंगबद्दलही एक गैरसमज आहे, दोन जागचे दात झिजले की रिंग फेकूनच द्यायची. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा त्याच दोन समोरासमोरच्या जागी थांबतं, म्हणून तिथेच झीज होते. बाकीचे दात शाबूत असतील तर रिंग तापवून काढून पाव फेरा फिरवून बसवता येते. तापवताना मात्र दात लालभडक होऊ देऊ नका, ते मऊ पडतात. आणि रिंग उलटी करून बसवू नका, पिनियनला आत शिरायला दिलेला उतार मग भलत्या बाजूला जातो.

बेंडिक्सला ग्रीस लावलं की चांगलं, हेही खोटं. क्लचची धूळ त्यात चिकटते आणि पिनियन अडकतो. रॉकेलने धुऊन तो कोरडा ठेवायचा.

पिनियन अडकला म्हणजे सेल्फ जळाला, असंही नाही. ल्यूकसच्या बऱ्याच जुन्या सेल्फच्या मागच्या टोपणाखाली शाफ्टला चौकोनी टोक असतं. पान्याने फिरवलं की पिनियन सुटतो.

कुंडलिका नदीच्या पुरात बुडालेला सेल्फ उन्हात वाळवून चालत नाही. बुशमधला गाळ काढल्याशिवाय तो लावू नका.

मोठी बॅटरी टाकली की सेल्फ जोरात फिरतो, हा समज तर पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असतो. सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असताना गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा असला तरी दोन व्होल्ट तिथेच जातात. बॅटरी कितीही मोठी आणली तरी हे दोन व्होल्ट परत मिळत नाहीत. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर आधी ती पट्टी घासा.