अंगठ्याने न दबणारा टायर

सायकलमध्ये हवा भरली की आपण टायर अंगठ्याने दाबून बघतो. दगडासारखा लागला की समाधान! अरुंद आणि टणक टायर वेगात पळतो, असं शर्यतीतले खेळाडूही कितीतरी वर्षं मानत होते. त्यांचे टायर २३ मिलिमीटर रुंद असायचे. आता तेच २८-३० मिलिमीटरचे टायर घालतात आणि हवाही कमी ठेवतात.

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. चाक जड लागतं ते मुख्यतः यामुळे. मागच्या चाकावर ५० किलो भार आणि आत ४ बार, म्हणजे सुमारे ५८ पीएसआय हवा असेल, तर टेकलेला भाग साधारण १२ चौरस सेंटिमीटर भरतो. टायर रुंद असो वा अरुंद, हे क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि ऊर्जाही जास्त खातात.

मग हवा वाढवत का नेऊ नये? प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पोलादी ड्रमवर त्याने फायदा दिसतोच. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकलीला आणि आपल्याला उचलतो. स्नायू थरथरतात आणि पायांनी लावलेला जोर त्या थरथरीत मुरतो. गंमत म्हणजे हीच थरथर आपल्याला वेगासारखी भासते.

बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला, तो तिचे धक्के कमी व्हावेत म्हणून. १८८८ साली त्याने पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी विली ह्यूमने त्या टायरवर बेलफास्टमधल्या शर्यती जिंकल्या. आराम आणि वेग तेव्हापासून एकत्रच आहेत.

वळणावरही थोडा मऊ टायर रस्ता धरून राहतो. फार मऊ मात्र नको. तो वळणात डोलतो आणि खड्ड्यात रिमवर चेपून ट्यूबला दोन भोकं पाडतो. पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तिथे हवा मागच्यापेक्षा जरा कमी भरावी. डांबरी रस्त्यासाठी खोल नक्षीचा टायर तर घेऊच नये. रबराचे ते उंचवटे वाकत राहतात आणि पावसातही उपयोगी पडत नाहीत, कारण सायकलचा अरुंद टायर पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतोच.