आजोबांना कुशीवर कधी वळवलं होतं?

आमच्या सोनपेठला कुणी अंथरुणाला खिळलं, की बघायला येणारांची रीघ लागते. येणारा प्रत्येक जण मोसंबी, बिस्किटांचा पुडा आणि एखाद्या डॉक्टरचं नाव देऊन जातो. माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हाही असंच झालं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. मी बँकेतून रजा टाकून घरी आलो. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली.

सेवेत आम्ही काही कमी केलं नाही. आई उशापासून हलत नसे. माकडहाडापाशी कातडी लाल दिसू लागली, तेव्हा तेल कोमट करून आम्ही पाठ अधिकच जोरानं चोळली. तिसऱ्या आठवड्यात तिथं रुपयाएवढी जखम झाली.

दिवाळीच्या सुटीत गल्लीतली एक मुलगी घरी आली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं मोसंबी आणली नाही. अण्णांच्या टाचा पाहिल्या, चादरीच्या चुण्या काढल्या आणि विचारलं, ‘‘काका, आजोबांना कुशीवर कधी वळवलं होतं?’’

मला सांगता येईना. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत रात्री बँकेत थांबणारा मी. इथं कसलीच नोंद नव्हती. तिनं समजावलं, की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, तिथं रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. लाल झालेली जागा चोळली तर आतलं आणखी तुटतं. म्हणजे आमच्या मायेनंच जखम वाढवली होती! दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा अधांतरी ठेवायच्या, अंथरूण कोरडं ठेवायचं. भिंतीला कागद लावून तिनं वेळा मांडल्या. वळवणाऱ्यानं पुढे सही करायची.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला विचारलं, ‘‘आजी, आजोबा दिवसभर काय करायचे?’’ अण्णांचं धान्याचं दुकान होतं. तिनं त्यांना पाठीशी लोड देऊन बसवलं, ताटात मूठभर तूर घातली आणि डाव्या हाताशी सरकवली. ‘‘आजारी माणसाला कामाला लावतीस का गं?’’ म्हणून आई चिडली. अण्णांनी बऱ्याच वेळानं एक खडा बाजूला काढला. मग दुसरा.

पुढे तिचं पुस्तक मी चाळलं, तेव्हा या तुरीचा उलगडा झाला. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेनं माणसाच्या १४ गरजा मांडल्या आहेत. श्वास, अन्नपाणी, मलमूत्र, हालचाल, झोप अशा पहिल्या नऊ शरीराच्या. उरलेल्यांत मनातलं बोलणं, आपल्या श्रद्धेनुसार वागणं, शिकणं आणि करमणूक येते. काहीतरी काम केल्याचं समाधानही येतं. रोग्याला बळ असतं, ज्ञान असतं तर त्यानं स्वतःच जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करायचं. आणि लवकरात लवकर त्याचं त्याला करता यावं असं बघायचं. सर्वांगीण शुश्रूषा म्हणतात ती हीच. मला तर हे कुठल्याही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाइतकं मोलाचं वाटलं. आणि आपण मात्र अशा बाईंना ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, नावही विचारत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. अंथरुणातली जखम हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असं तिचं मत होतं. आमच्या घरापुरतं तरी ते खोटं म्हणता येत नव्हतं.

ते खरं करून दाखवणारा दाखला मुंबईत होता. के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांना भरवणं, पुसणं, वळवणं रुग्णालयातल्या परिचारिकांनी चालवलं. ज्या बरोबरीच्या होत्या त्या निवृत्त झाल्या. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं, अशा मुली पाळीवर आल्या. काम थांबलं नाही. दयामरणासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, हेही त्या प्रकरणात नोंदलं गेलं. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. ४१ वर्षांहून अधिक! त्यांनी असं जगणं योग्य होतं का, यावर पुष्कळ वाद झाले, होणारच. माझं मन मात्र त्या कोऱ्या पाठीपाशी अडकतं. माया आमच्याकडेही होती. तीन आठवडे.

सुटी संपल्यावर ती मुलगी परत गेली. अण्णांची जखम संक्रांतीच्या सुमारास भरून आली, पुढे ते दोन वर्षं होते. वाचा परतली नाही; तूर मात्र निवडत. भिंतीवरच्या कागदांवर आमच्या सह्या आहेत. पहाटे चारच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी कुंकवाचा ठिपका आहे. आईला लिहिता येत नव्हतं.