विश्लेषण : स्पीकरमधून घरघर का येते? ‘अर्थ’ची पिन काढणे धोक्याचे का?

होम थिएटर सुरू केले, अजून गाणे लावलेलेही नाही आणि स्पीकरमधून ‘हंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो. त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून टाकणे. आवाज अनेकदा थांबतोही. पण हा उपाय जिवावर बेतू शकतो.

आवाज नेमका कशाचा?

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. खर्जातली घरघर ही बहुधा याच ५० हर्ट्झची किंवा त्याच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्झची असते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर फिरवल्यावर आवाज बदलत असेल, तर गोंगाट तिथून येतो. फोन येण्याआधीची ‘टिक-टिक’ टूजी मोबाइलच्या लहरींची असते. बारीक ‘हिस्स’ मात्र बहुतेक वेळा अॅम्प्लिफायरचाच असतो.

‘ग्राउंड लूप’ म्हणजे काय?

अॅम्प्लिफायरला अर्थिंग भिंतीतल्या सॉकेटमधून मिळते. टीव्हीला जोडलेल्या केबलचे जाळीदार आवरण इमारतीत दुसऱ्याच ठिकाणी अर्थ केलेले असू शकते. या दोन ठिकाणच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो. टीव्ही आणि अॅम्प्लिफायर ऑडिओ केबलने जोडले, की त्या केबलच्या आवरणातून थोडा प्रवाह वाहू लागतो. साध्या आरसीए केबलमध्ये हेच आवरण सिग्नलचा परतीचा मार्गही असते. त्यामुळे घरघर सिग्नलमध्ये मिसळते आणि अॅम्प्लिफायर तीही मोठी करतो.

दोष कसा शोधायचा?

आधी व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही घरघर तेवढीच राहिली, तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरमध्येच असतो. ती कमी झाली, तर दोष जोडलेल्या उपकरणात किंवा केबलमध्ये आहे. मग अॅम्प्लिफायर बंद करून एकेक केबल काढून पाहावी. सुरुवात टीव्हीच्या केबलपासून करावी. लॅपटॉप जोडलेला असल्यास चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा.

सुरक्षित उपाय कोणते?

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत. ऑडिओच्या आणि विजेच्या वायर समांतर नेऊ नयेत. ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात ओलांडाव्यात. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असल्यास ती केबल वापरावी. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे तिथला लूप तुटतो. अन्यथा ऑडिओ केबलवर ट्रान्सफॉर्मर असलेला ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ लावता येतो. केबल टीव्हीच्या वायरसाठीही आयसोलेटर मिळतो. मात्र तो डिशच्या वायरवर लावू नये. छतावरच्या डिशला वीज त्याच वायरमधून जाते आणि आयसोलेटर ती अडवतो.

पिन काढल्यास काय होते?

उपकरणात फेजची वायर सुटून धातूच्या खोक्याला टेकली, तर अर्थिंगमुळे मोठा प्रवाह वाहतो आणि एमसीबी पडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर तो त्याआधीच पुरवठा तोडतो. पिन नसेल, तर खोक्यावर २३० व्होल्ट तसेच राहू शकतात आणि ऑडिओ केबलमधून ते जोडलेल्या इतर उपकरणांपर्यंत पोहोचू शकतात. हात लागेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही.

कंपनीकडूनच टू-पिन प्लगसह आलेल्या आणि ‘चौकोनात चौकोन’ हे चिन्ह असलेल्या उपकरणांना दुहेरी इन्सुलेशन असते. त्यांना अर्थिंगची गरज नसते. थ्री-पिन उपकरणांची पिन मात्र तशीच ठेवावी. वरील उपायांनीही घरघर थांबली नाही, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.