दोन फुटबॉलांची खेळाडू : ब्रायना डेव्ही

‘फुटबॉल’ या एकाच नावाखाली जगात अनेक खेळ नांदतात. आपल्या शाळेच्या मैदानावर खेळला जातो तो गोल चेंडूचा फुटबॉल. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न परिसरात मात्र त्या शब्दाने बहुधा दुसराच खेळ अभिप्रेत असतो, तो म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट. चेंडू हातात घेता येतो. परंतु फेकता येत नाही, मुठीने ठोसून किंवा लाथाडूनच पुढे द्यावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू धाडल्यास 6 गुण, बाजूच्या खांबांमधून गेल्यास 1.

1995 साली जन्मलेली ब्रायना डेव्ही या दोन्ही खेळांत अग्रस्थानी पोहोचली. प्रथम ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची गोलरक्षक होती. उंचावरून येणाऱ्या चेंडूचा अंदाज घेणे, तो झेलणे आणि दूरवर लाथाडणे ही गोलरक्षकाची कौशल्ये. ऑस्ट्रेलियन रूल्समध्येही नेमकी हीच कामी येतात. त्यामुळे तिचे स्थित्यंतर वाटते तितके आश्चर्यकारक नाही.

खरा प्रश्न निराळा आहे. ती या खेळात 2017 सालीच का आली? कारण तोपर्यंत महिलांसाठी या खेळाची राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धाच नव्हती. पुरुषांची प्रमुख स्पर्धा 1897 पासून चालत आली होती. महिलांना तब्बल 120 वर्षे थांबावे लागले. 3 फेब्रुवारी 2017 रोजी मेलबर्नमध्ये कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड हा पहिला सामना झाला. 24,568 प्रेक्षक आले. मैदान भरल्याने दरवाजे बंद करावे लागले. ‘महिलांचा खेळ पाहणार कोण?’ या जुन्या सबबीला एका संध्याकाळीच उत्तर मिळाले. डेव्ही त्या दिवशी कार्लटनकडून खेळली.

मोबदल्याची विषमता मात्र सरली नाही. पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंना सुमारे 8,500 डॉलर, तर मोजक्या नामवंतांना 27,000 डॉलर मिळाले. गोल चेंडूच्या फुटबॉलमध्येही चित्र फारसे वेगळे नव्हते. 2015 मध्ये राष्ट्रीय महिला संघाने मानधनाच्या वादातून अमेरिका दौऱ्यावर जाण्यास नकार दिला होता.

2018 मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने डेव्हीचा हंगाम अर्ध्यावर संपला. ती परतली, पुढे कॉलिंगवूडमध्ये गेली आणि 2021 मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार कियारा बॉवर्सबरोबर तिने विभागून मिळवला. पंचांच्या मतदानात दोघींना समान 15 मते होती. 2022 च्या हंगामारंभी पुन्हा गुडघा दुखावला; तरीही ती मैदानात परतली.

डेव्हीची जिद्द वादातीत आहे. परंतु केवळ जिद्दीने 2017 पूर्वी तिला ही स्पर्धा खेळता आली नसती. तिच्या आधीच्या पिढ्यांतही अशा गुणी मुली असतीलच. त्यांची नोंद इतिहासात नाही, कारण त्यांच्यासाठी मैदानच आखले गेले नव्हते. दहावीनंतर मुलींचा खेळ सुटतो, तेव्हा दोष त्यांच्या आवडीला देण्यापूर्वी पुढे त्यांच्यासाठी संघ, प्रशिक्षक आणि स्पर्धा आहेत काय, हे पालकांनी व शिक्षकांनी आधी तपासावे.