जिवंत बांध

नळदुर्गपासून समुद्र 300 किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेव्हा येथे किनाऱ्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु पाणी आणि माती यांचे भांडण आपणांस परके नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल आजही उभा आहे. तो पाहणाऱ्यास समुद्रालाही अशीच भिंत घालावी असे वाटणे साहजिक आहे.

पण समुद्राची रीत निराळी. उभ्या भिंतीवर आपटलेल्या लाटेचा जोर जिरत नाही. ती उलटते आणि भिंतीच्या पायाची वाळू ओढून नेते. भिंत जेथे संपते, तेथे शेजाऱ्याची जमीन अधिकच खचते. म्हणजे एकाचे रक्षण दुसऱ्याच्या मुळावर येते.

कोकणच्या खाड्यांतून निसर्गाने दुसरा उपाय करून ठेवला आहे. तिवर, कांदळ, चिपी ही झाडे भरतीच्या खाऱ्या पाण्यात, चिखलात वाढतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात, तर तिवराची श्वसनमुळे खिळ्यांप्रमाणे चिखलातून वर येतात. या जाळीत शिरलेले पाणी मंदावते, मंदावलेले पाणी गाळ खाली टाकते आणि जमीन हळूहळू उंचावते. अशा झाडीच्या 100 मीटर पट्ट्यात लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटते, असे अभ्यासकांच्या मोजणीत आढळले आहे. याच मुळांच्या आडोशाला कोळंबी व मासळीची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या बिळे करतात. कोळ्याची चूल या झाडांवरही चालते.

लाटेचा मारा फार असेल तेथे कोवळी रोपे तग धरीत नाहीत. अशा जागी किनाऱ्यापुढे दगडांची किंवा कालवांच्या शिंपल्यांची बुटकी रास रचतात आणि तिच्या मागे रोपे लावतात. राशीवर नवी कालवे धरतात, म्हणजे बांध आपोआप वाढतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 2008 साली कायदाच केला, की किनारा राखावयाचा तर प्रथम जिवंत उपाय करावा आणि तो शक्य नसेल तेथेच भिंत घालावी.

आता आपल्याकडची गोष्ट. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खाजणातून भातशेती काढली. बांधाची डागडुजी गावाने मिळून करावयाची, या पद्धतीस जोळ म्हणत. बाहेरची झाडे लाट अंगावर घेत, बांध खारे पाणी अडवी. ज्यांनी समुद्राशी असा झगडा केला, त्याच खारेपाटातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 खोतांविरुद्ध संप चालविला.

पुढे 1948 च्या खारजमीन कायद्याने सरकार या कामात उतरले आणि जोळ मागे पडली. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजली नाही, की खारे पाणी शेतात शिरते. भात जाते आणि त्या जागी तिवरे उगवतात. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाची तोड थांबविली, 2012 साली राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या. पण ज्याच्या शेतात तिवर उगवले, तो ते तोडू शकत नाही आणि भातही लावू शकत नाही. बांधाबाहेर जे झाड रखवालदार, तेच आत आले म्हणजे त्याच्या पोटावर पाय येतो.

यात दोष झाडाचा नाही, न बुजविलेल्या खांडीचा आहे. जिवंत बांध स्वतःची डागडुजी स्वतः करतो हे खरे. परंतु त्याच्यावर भराव पडू न देणे आणि त्याच्यामागचा मातीचा बांध धड ठेवणे ही माणसांची कामे आहेत, आणि ती मोबदल्याची कामे आहेत. म्हणून कांदळ लावण्यास पैसा मंजूर होईल तेव्हा त्याच कागदावर खांडी बुजविण्याचाही खर्च असावा, आणि तो कागद लिहिताना कोळी व शेतकरी दोघेही समोर बसलेले असावेत, एवढी मागणी आपण घाटावरच्या लोकांनीही केली पाहिजे.