टीममधली ती एकटी

आमच्या सोसायटीच्या टीममध्ये मी वन-डाउन जायचे. पार्किंगमधली मॅच, रबरी बॉल, पहिल्या मजल्याची काच फुटली की आऊट. सातवीपर्यंत हे सगळं सॉलिड चाललं होतं. आठवीच्या सुट्टीत एक दिवस खाली उतरले, तर कॅप्टनने वही पुढे केली. "तू आज स्कोअर लिही ना."

कोणी भांडलं नाही, कोणी हाकललं नाही. वही हातात आली आणि माझं करिअर संपलं. त्यातला जास्त दुखणारा भाग वेगळाच होता. तो कॅप्टन मला जाम आवडायचा!

म्हणूनच असेल, पण 'मुलांच्या टीममधली एकटी मुलगी' ही गोष्ट दिसली की मी हातातलं काम सोडून वाचत बसते. अमेरिकेतल्या टीनएजर्ससाठीच्या पुस्तकांत तर हा एक हिट प्रकार आहे. फंडा सोपा आहे. मैदानावर अकरा मुलगे, त्यात एक मुलगी, आणि त्या मुलग्यांपैकी (किंवा समोरच्या टीममधल्या) एकावर तिचा जीव.

गोठ्यातली लव्ह स्टोरी

या प्रकारातलं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे कॅथरीन गिल्बर्ट मर्डॉकचं 'डेअरी क्वीन' (२००६). नावावरून आइस्क्रीम आठवलं ना? पण इथे खरोखरच्या गाई आहेत. विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावात डी. जे. श्वेंक ही पंधरा वर्षांची मुलगी राहते. वडिलांचं कंबरेचं दुखणं, मोठे दोन भाऊ घर सोडून गेलेले, त्यामुळे धारा काढण्यापासून गवत कापण्यापर्यंत सगळं हिच्या गळ्यात. इंग्रजीत नापास. आणि घरात मनातलं बोलायची पद्धतच नाही.

अशात शेजारच्या गावच्या शाळेचा क्वार्टरबॅक, ब्रायन नेल्सन, शेतावर कामाला येतो. पक्का आळशी आणि नखरेल. भावांबरोबर खेळून तयार झालेली डी. जे. त्याला ट्रेन करायला लागते. घाम गाळता गाळता दोघं बोलायला लागतात. आणि मग हिच्या डोक्यात येतं, मी याला शिकवू शकते तर मी स्वतः का खेळू नये? (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना आडवं करायचा अमेरिकन फुटबॉल बरं का!) ती आपल्या शाळेच्या टीममध्ये घुसते. म्हणजे थेट ब्रायनच्या विरुद्ध. आणि हे ती त्याला सांगत नाही.

खरी मजा, आणि खरी टोचणी, दुसऱ्या भागात आहे. 'द ऑफ सीझन'मध्ये (२००७) ब्रायन शेतावर एकटा असताना तिच्याशी मस्त असतो. मित्रांसमोर मात्र तो अंतर ठेवतो. तिला टॅकल करताना पाहिलेलं त्याला चालतं, पण तिचा हात धरून मॉलमध्ये फिरणं जड जातं. व्हिलन नाही तो, चांगला मुलगा आहे. पण चांगल्या मुलांनाही अशा वेळी धीर होत नाही, हे लेखिकेने बरोब्बर पकडलंय.

मिशी लावून एन्ट्री

पडद्यावर हाच मामला वेषांतराने सोडवतात. 'शीज द मॅन'मध्ये (२००६) मुलींची सॉकर टीम बंद होते, म्हणून व्हायोला जुळ्या भावाच्या नावाने मुलांच्या टीममध्ये शिरते. मूळ आयडिया शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'ची. आपल्याकडे २००९ मध्ये 'दिल बोले हडिप्पा' आला. राणी मुखर्जीची वीरा पगडी आणि दाढी-मिशी लावून वीरप्रताप होते, आणि शाहिद कपूरच्या टीममध्ये सिक्सर मारते. बघताना धमाल येते. पण गंमत बघा, ती वीरा म्हणून आली असती तर सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत संपला असता.

नियम काय सांगतो?

अमेरिकेत १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. पण पळवाट आहेच. फुटबॉल, कुस्ती अशा धक्काबुक्कीच्या खेळांत मुलांच्या टीममध्ये मुलीला नाही म्हणायची मुभा नियमांत ठेवलेली आहे. हेदर सू मर्सर या किकरने ड्यूक विद्यापीठाला कोर्टात खेचलं. १९९९ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं, की एकदा मुलीला टीमची दारं उघडलीत, की मग मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही. २००० साली ज्यूरीने तिला वीस लाख डॉलरची दंडात्मक भरपाई दिली. ही रक्कम पुढे अपिलात रद्द झाली, पण ते तत्त्व उरलं.

आणि आपल्याकडे? रोहतकची शफाली वर्मा. मुलींना घेणारी अ‍ॅकॅडमी मिळेना, म्हणून वडिलांनी तिचे केस मुलासारखे कापले. भाऊ आजारी पडला तेव्हा पानिपतच्या स्पर्धेत ती त्याच्या जागी जाऊन खेळली. सिनेमातली वाटावी अशी ही गोष्ट, पण खरी. २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळली.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तर तुम्हालाही आठवत असेल. नवी मुंबईत वर्ल्ड कपची फायनल. आयत्या वेळी टीममध्ये आलेल्या शफालीने ८७ रन्स केल्या, दोन विकेट्स काढल्या आणि प्लेअर ऑफ द मॅच झाली. आमच्या सोसायटीने क्लब हाऊसमध्ये मोठा स्क्रीन लावला होता. सगळ्यात जास्त आरडाओरडा कोण करत होतं? आमचा तो जुना कॅप्टन!

ब्रेकमध्ये मी त्याला विचारलं, "तू मला स्कोअर लिहायला का बसवलंस रे?"

"मी? कधी?" त्याला खरंच आठवत नव्हतं. मग जरा वेळाने म्हणाला, "तू कट चांगला मारायचीस, हे आठवतंय."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. सुट्टीत एकदा ही पुस्तकं मागवा, मैत्रिणींनो. वाचून झाली की घरातल्या एखाद्या मुलग्याला द्या. ब्रायनची गोष्ट आपल्यापेक्षा त्याने वाचायला हवी.

आणि हो, पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये मॅच आहे. वन-डाउन मी जाणार आहे. स्कोअर तो लिहिणार आहे.