घडातला रेणू, वहीतला वाद

जानेवारी उजाडला की नाशिकच्या वाइनरींत द्राक्षांचे क्रेट उतरू लागतात. पुढे वाइन थंड केली की टाकीच्या तळाशी आणि कडांना बारीक, चमचमणारे खडे धरतात. पाहणाऱ्याला वाटते, काच फुटली. असतो तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा क्षार. दिंडोरी-पिंपळगावचा बागाईतदार द्राक्षाची गोडी मोजतो. रसायनशास्त्राला मात्र रेणूच्या आकाराचा माग द्राक्षाच्या आंबटपणातून लागला.

1848 साली पॅरिसमध्ये 25 वर्षांचा लुई पाश्चर अशाच एका क्षाराचे स्फटिक निवडत बसला होता, तांदळातले खडे निवडावेत तसे, चिमट्याने. ज्या आम्लाचा तो क्षार, त्याचे नाव रेसेमिक. लॅटिनमध्ये ‘रेसेमस’ म्हणजे द्राक्षाचा घड. स्फटिक दोन तऱ्हांचे निघाले, डाव्या-उजव्या हातांसारखे एकमेकांची आरशातली प्रतिमा. वेगवेगळे विरघळवल्यावर एकाने ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ बियो यांनी नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. स्वतःची रसायने देऊन त्यांनी तोच प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करायला लावला.

रेणू तेव्हाही कुणी पाहिला नव्हता. पाहिले होते स्फटिक. बाकीचा सगळा तर्क: स्फटिकांसारखेच रेणूही डावे-उजवे असणार.

तो तर्क 1874 मध्ये 22 वर्षांच्या व्हान्ट हॉफने पुढे नेला. समजा, कार्बनभोवतीचे चार अणू एकाच पातळीत, चौकोनाच्या कोपऱ्यांवर आहेत. मग दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरिन असलेल्या डायक्लोरोमिथेनचे दोन प्रकार मिळायला हवेत: एकात दोन्ही क्लोरिन शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात मिळतो एकच, सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळणारा. चार अणू चतुष्फलकाच्या टोकांवर ठेवले, तर कोणतीही दोन टोके शेजारीच असतात आणि प्रकार एकच उरतो. भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घेऊन हे दहा मिनिटांत पडताळता येते. जर्मनीचे मातब्बर रसायनज्ञ कोल्बे यांनी 1877 मध्ये व्हान्ट हॉफच्या पशुवैद्यक शाळेतल्या नोकरीवरून त्याची जाहीर टर उडवली. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल 1901 मध्ये व्हान्ट हॉफलाच मिळाले.

अकरावीच्या वर्गात यातला वाद गळतो आणि निकाल उरतो: बंधांमधला कोन मिथेनमध्ये 109.5 अंश, अमोनियात 107, पाण्यात 104.5. आकडे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून विज्ञानशिक्षणात युक्तिवाद लिहून घेण्याची पद्धत पुढे आली. विद्यार्थी आधी दावा लिहितो, मग पुरावा, मग पुराव्यावरून दावा कसा निघतो तो तर्क आणि शेवटी विरुद्ध मताचे खंडन. आपल्या न्यायशास्त्राला ही चाल परकी नाही. डोंगरावर आग आहे ही प्रतिज्ञा, धूर दिसतो हा हेतू, धूर तिथे आग हे सांगायला स्वयंपाकघराचे उदाहरण.

पाण्याचा रेणू घ्या. दावा: तो वाकडा आहे. पुरावा: कार्बन डायऑक्साइडचा रेणूही तीन अणूंचा, पण त्यात विजेची दोन टोके उरत नाहीत, पाण्यात उरतात. तर्क: रस्सीखेचीत दोन्ही बाजू समान जोराने विरुद्ध दिशांना ओढत असतील तर दोर हलत नाही. पाण्याचा रेणू सरळ असता, तर तिथेही ओढ फिटली असती. आता तो वाकला का? 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी मांडलेली रीत इथे कामी येते: मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात. चार फुगे देठाशी एकत्र बांधले की ते आपोआप चतुष्फलक धरतात. पाण्यातल्या चार जोड्यांपैकी दोन कुठल्याही बंधात नसतात; त्यांना ‘लोन पेअर’ म्हणतात. त्या जास्त जागा अडवतात आणि बंधांमधला कोन आवळतो.

अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘लोन पेअर’ म्हणता येते, पण ‘म्हणून’ आणि ‘नाहीतर’ यांनी जोडलेले वाक्य इंग्रजीत रचताना तो अडतो. युक्तिवादाचा पहिला खर्डा मराठीत लिहू दिला, तर अडचण भाषेची आहे की रसायनाची, ते शिक्षकाला कळते.

आणि पुरावाही तपासावा लागतो. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वळते. हा पाण्याच्या ध्रुवीयतेचा, म्हणजे विजेच्या त्या दोन टोकांचा, पुरावा म्हणून सर्रास दाखवला जातो. पण कंगव्यामुळे धारेत विरुद्ध वीजभार येतो आणि त्यानेही ती वळते. मग हा पुरावा दाव्याखालून काढून घेतला, तर पाण्याचा रेणू वाकडाच आहे हे कशाच्या बळावर म्हणायचे? वहीचे पुढचे पान त्यासाठी.